टोटल काउंट बघून हुरळू नकोस

मुंबई, 12 जुलै

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. गोडाऊनमध्ये शिशाचं जड डबडं आलं, वर पिवळ्यावर तीन पात्यांचं, म्हणजे किरणोत्सर्गाचं चिन्ह, आणि तू गॅस कटर लावायच्या आत थांबलास, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पुढे लिहितोस, “समजा कापलं असतं, तर लगेच कळलं असतंच की!” अरे, सगळा घोळ तिथेच आहे.

2010 साली दिल्लीच्या मायापुरीत तुझ्याच भंगाराच्या धंद्यातल्या माणसांच्या हाती कोबाल्ट-60 हा किरणोत्सर्गी, गॅमा किरण सोडणारा धातू लागला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र, लिलावात भंगार म्हणून गेलेलं. कापताना ना वास, ना चटका. पुढे कातडी काळी पडली, केस गळले, तेव्हा डॉक्टर गाठले. एक जण वाचला नाही.

नळी फोडून तू मगज ओरपतोस ना, तसाच आपल्याही हाडांत असतो. (मोठेपणी नळीच्या हाडात बहुतेक चरबीच, कामाचा मगज कंबरेच्या हाडात, मणक्यांत, छातीच्या फळीत.) तिथे रात्रंदिवस पेशी विभागत असतात, नुसत्या लाल पेशीच रोज सुमारे 200 अब्ज. गॅमा किरण आत शिरले की डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. पेशी बऱ्याचदा तेव्हाच मरत नाही, एकाची दोन व्हायला जाते तेव्हा कोसळते. म्हणून सारख्या विभागणाऱ्या मगजाला फटका मोठा.

रक्तात आधीच उतरलेला माल मात्र आपलं आयुष्य काढतो. प्लेटलेट आठ-दहा दिवस, लाल पेशी 120 दिवस. कारखाना बंद, पण दुकान भरलेलं! उलटी-मळमळ एक-दोन दिवसांत ओसरते, माणूस कामावर जातो.

आता माझ्या, रक्त तपासायच्या धंद्यातली गोष्ट ऐक. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पहिल्या एक-दोन दिवसांत चक्क वाढलेले दिसू शकतात, कारण शिरांच्या भिंतींना चिकटून बसलेले सुटून प्रवाहात येतात. टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, बारा हजार बघून घरचे खूश. पण त्याच रिपोर्टात लिंफोसाइट, दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी, ढासळलेले असतात. त्या पेशी विभागायची वाट बघत नाहीत, काही तासांतच मरायला लागतात. किती डोस बसला याचा अंदाज डॉक्टर त्या घसरणीवरूनच बांधतात.

आमच्याकडे दुसऱ्याचा मगज देण्याआधी काही रुग्णांना मुद्दाम अंगभर किरण देतात, बहुतेकदा एकूण 12 ग्रे (ग्रे म्हणजे अंगात शोषलेल्या किरणांचं माप), तीन-चार दिवसांत विभागून. अशाच एका पोराच्या रक्ताची स्लाईड माझ्याकडे आली होती. शंभर पांढऱ्या पेशी मोजायचा आमचा नियम. अख्खी स्लाईड पालथी घातली, नऊ सापडल्या. त्याच्या सलाईनच्या सुईपाशी लाल झालं होतं, पण पू धरत नव्हता. पू म्हणजे तरी काय, मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्याच नाहीत तर धरणार कुठून? अशा वेळी आपल्याच आतड्यातले, एरवी गुमान राहणारे जंतू रक्तात शिरतात. प्लेटलेट संपल्या की हिरड्यांतून रक्त. तो पोरगा निभावला, भावाचा मगज रुजला.

अपघातात सगळ्यांना असा भाऊ मिळत नाही. उपचाराविना 4 ग्रेच्या आसपास निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात. 1958 साली बेलग्रेडजवळच्या विंचा इथल्या अणुभट्टीच्या अपघातात किरण बसलेल्या सहा जणांना पॅरिसला नेलं. पाच जणांना अनोळखी फ्रेंच माणसांनी मगज दिला. त्यातले चार जगले. परका मगज फार टिकला नाही, पण हळूहळू त्यांचा स्वतःचाच उठला. थोड्या जरी मूळपेशी (ज्यांपासून रक्ताच्या बाकी पेशी बनतात) तगल्या तरी मगज परत पालवतो. मधले तीन-चार आठवडे काढता आले पाहिजेत.

तर पोरांना ते चिन्ह दाखवून ठेव. आणि कुणी असलं काही हाताळून ओकायला लागला, तर पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, काय हाताळलं ते सांगायचं, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) डिफरन्शियलसकट, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या जातीवार मोजणीसकट करायचं आणि सहा तासांनी पुन्हा. दोन्ही कागदांचे फोटो मला पाठव, रात्री दोन वाजले असले तरी.

काकूंचा गुडघा कसा आहे? गणपतीला येतोय, सुट्टी टाकली आहे.

तुझा,
विनू