जर्मनीतलं व्हॉलंटियरचं वर्ष म्हणजे नोकरी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात छोट्या जाहिरातींमध्ये हल्ली 'जर्मनीत जा, राहणं खाणं फ्री, पगार युरोत' अशा चौकटी दिसतात, बार्शीहून घरचे मला त्याचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि खाली विचारतात की तू पण हेच करतेस का. मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात वृद्धाश्रमात व्हॉलंटियर म्हणून काम करते, म्हणजे हो, साधारण हेच करते, पण जाहिरातीत जे लिहिलंय ते नाही. एकेकाला फोनवर समजावून सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदाच पेपरला लिहावं.

आधी गोंधळ कुठं होतो ते सांगते. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य (स्टुटगार्ट याच राज्यात) यांच्यात कुशल कामगार पाठवायचा करार झाला, पेपरात मोठ्या बातम्या आल्या, दहा हजार मुलं जाणार वगैरे. तो विषय वेगळा, त्यात इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर अशी शिकलेली माणसं. मी आलेय ते त्या करारातून नाही. इथं व्हॉलंटियरच्या वर्षाचे 'एफएसजे' आणि 'बीएफडी' नावाचे दोन प्रकार आहेत, बारावी झालेली जर्मन मुलं कॉलेजच्या आधी एक वर्ष दवाखान्यात, वृद्धाश्रमात, अपंगांच्या शाळेत काम करतात, त्यात बाहेरच्या देशातल्या मुलांनाही घेतात. एफएसजेला वयाची अट 27 च्या आत, बीएफडीला वरची अट नाही. एजंट लोक करार, व्हॉलंटियर आणि पुढचं नर्सिंगचं ट्रेनिंग या तिन्हीची एकच भेळ करून विकतात, आणि आईवडिलांना वाटतं पोरगं नोकरीला लागलं.

पगार नाही मिळत. मिळतो तो पॉकेटमनी, आणि त्याला कायद्याने वरची मर्यादा आहे, 2026 मध्ये ती महिन्याला 676 युरो आहे. जाहिरातवाले हाच आकडा छापतात, पण तो कमाल आहे, बऱ्याच संस्था त्यापेक्षा पुष्कळ कमी देतात, खोली आणि जेवण देत असतील तर आणखी कमी. मला चारशेच्या आसपास येतात. रुपयात गुणाकार केला की चाळीस हजार होतात आणि मग घरी सगळे खूश, पण खर्चाचा गुणाकार कोणी करत नाही ना. रेल्वे-बसचा देशभराचा महिन्याचा पास 2023 ला सुरू झाला तेव्हा 49 युरो होता, आता 63 आहे (आमच्या राज्यात 27 च्या आतल्या व्हॉलंटियरला स्वस्त मिळतो, हे मात्र आल्यावर लगेच विचारा, आपणहून कोणी सांगत नाही). गावच्या ऑफिसात पत्ता नोंदवला की थोड्याच दिवसात टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येतं, घरामागे महिन्याला 18.36 युरो, टीव्ही असो नसो. चांगली बाजू पण सांगते, आरोग्य विमा आणि बाकीचे सगळे विमे संस्थाच भरते, त्यामुळे आजारी पडलं तर खिशातून जात नाही, आणि हे लहानसहान नाही.

आता रोजचं. सकाळची शिफ्ट सहाला सुरू होते, म्हणजे थंडीत बाहेर मिट्ट काळोख असतो आणि आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात. रात्रपाळीची नर्स आधी सगळ्यांचा रिपोर्ट देते, कोण झोपलं नाही, कोणाला ताप, कोण पडलं. ही पहिली दहा मिनिटं सगळ्यात अवघड, कारण ती पटापट बोलते आणि ते पण इथल्या श्वाबिश बोलीत. पुण्याच्या क्लासमधलं जर्मन तिथं दोन पावलं मागेच राहतं. एजंट सांगतात ए2, म्हणजे जर्मन परीक्षेची दुसरी पायरी, एवढं चालतं. व्हिसाला चालतही असेल, वॉर्डात नाही चालत. बी1, म्हणजे त्याच्या पुढची पायरी, नीट करून या, आणि परीक्षेपुरतं नको, कानाला सवय होईल असं.

मग आजी-आजोबांना उठवणं, तोंड धुणं, कपडे, नाश्ता. औषधं आणि इंजेक्शनला व्हॉलंटियरने हात लावायचा नसतो. काही जणांना गिळता येत नाही, त्यांच्या कॉफीत पावडर घालून ती घट्ट करायची, चमच्यावरून सावकाश पडली पाहिजे इतकी, पातळ राहिली तर ठसका लागून छातीत जाते. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली अगं मग पेजच द्या ना. दुपारी तीनला कॉफी आणि केक, हे काही झालं तरी चुकत नाही. संध्याकाळी साडेपाचला ब्रेड, चीज, मांसाचे गार काप, काकडी, झालं जेवण. साडेपाचला! आपल्याकडे तेव्हा चहा होतो.

एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्यांच्या वॉकरला पुढे जाळीची टोपली असते ना, त्यात रोज रात्री पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेले ब्रेडचे काप सापडतात, दोन तीन, कधी बटर लावलेले. नवी नवी असताना मी ते सगळे काढून टाकायला निघाले तर सीनियर नर्सने थांबवलं, म्हणाली बुरशी आलेले काढ पण आजचा एक तिथंच ठेव, नाहीतर रात्रभर झोपणार नाही. महायुद्ध संपल्यावर बोहेमियातून (आताच्या चेक देशातला भाग) हाकलून दिलेल्या जर्मन लोकांमधल्या त्या, लहानपणी आईबरोबर चालत आणि मालगाडीतून इकडं आल्या. हे मला फाईलमधून नाही कळलं, एका दुपारी त्यांनी मला विचारलं की तुझी आई कुठाय, तुला एकटीलाच पाठवलं का, आणि मग स्वतःचं सांगत बसल्या. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न विचारला, कारण आदल्या दिवशीचं त्यांना आठवत नाही. मी रोज उत्तर देते.

व्हॉलंटियर एवढे का लागतात, याचंही कारण आहे. इथं पूर्वी मुलांना सैन्यात जाणं सक्तीचं होतं, ज्याला बंदूक नको त्याने त्याऐवजी दवाखान्यात किंवा आश्रमात काम करायचं. 2011 मध्ये ही सक्ती थांबवली आणि ते हात एकदम गेले, म्हणून त्याच वर्षी 1 जुलैपासून बीएफडी सुरू केलं. कायदा स्पष्ट सांगतो की व्हॉलंटियर जादाचा असला पाहिजे, पगारी माणसाच्या जागी त्याला उभं करायचं नाही. कागदावर. माझी एक मैत्रीण दुसऱ्या एका ठिकाणी होती, तिला सुट्टीच्या दिवशी अख्ख्या मजल्यावर एकटीला ठेवायचे, नर्स खालच्या मजल्यावर, बेल वाजत राहायची. तिला वाटायचं तक्रार केली तर व्हिसा जाईल. तसं नसतं. वृद्धाश्रम वेगळा आणि आपल्याला नेमणारी संस्था वेगळी, त्या संस्थेत आपल्यासाठी एक माणूस नेमलेला असतो, त्याचा नंबर पहिल्या दिवसापासून जवळ ठेवायचा. तिने शेवटी फोन केला, त्यांनी तिची जागा बदलून दिली. पण तोवर पोरीने बरेच दिवस रडून काढले आणि घरी हसरे फोटो पाठवले.

वर्षात 25 दिवस सेमिनार असतात, हे सक्तीचे, आणि मला तरी फार आवडतात. तिथं अठरा वर्षांची जर्मन मुलं भेटतात. त्यांचं पॉकेटमनीत भागतं कारण ती आईबापाच्या घरी राहतात, आणि वर्ष संपलं की काय करायचं याची त्यांना घाई नसते. आपली मुलं येतात ती डोक्यावर कर्ज घेऊन. एकाच टेबलावर, एकच पत्त्यांचा डाव खेळताना हा फरक लगेच दिसतो, आपला मुलगा दर तासाला मोबाईल बघत असतो.

राहणं म्हणाल तर तिघींचा एक फ्लॅट आहे. इथल्या श्वाब लोकांची एक पद्धत आहे, आठवड्याची पाळी लावून जिना झाडायचा, दारावर पाटी अडकवून जातात की या आठवड्यात तुमचा नंबर, आणि शेजारच्या काकू खरंच पायऱ्या तपासतात. रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारीच आणायचं. फोडणी टाकली की धुराचा अलार्म बोंबलतो म्हणून मी येसर घरून आणलाय, पाण्यात उकळला की आमटी, धूर नाही काही नाही. ज्वारीचं पीठ शहरातल्या इंडियन दुकानात मिळतं पण जुनं असतं, थापताना कडा फुटतात. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून जुळी शहरं आहेत म्हणे, त्या नात्यात कोणीतरी ताजं पीठ पाठवायची सोय करायला पाहिजे होती.

एकटेपणाबद्दल फार लिहीत नाही, तो असतो, नोव्हेंबरमध्ये जास्त असतो. दिवाळीत संध्याकाळची शिफ्ट होती, साडेआठला सुटले तेव्हा बार्शीत मध्यरात्र झालेली.

ज्यांना हे वर्ष झाल्यावर नर्सिंगचं ट्रेनिंग करायचंय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. ते ट्रेनिंग तीन वर्षांचं, त्यात खरा पगार मिळतो, सरकारी दराने पहिल्याच वर्षी 1,300 युरोच्या वर. पण त्याआधी आपलं दहावी-बारावीचं शिक्षण इथल्या राज्याकडून मान्य करून घ्यावं लागतं, आमच्याकडे ते स्टुटगार्टच्या ऑफिसात होतं आणि त्याला काही महिने जातात. बोर्डाच्या मार्कशीटचं शपथ घेतलेल्या अधिकृत भाषांतरकाराने केलेलं जर्मन भाषांतर लागतं. आल्या आल्या अर्ज टाका, वर्ष संपत आल्यावर नको, कारण इथं राहायच्या परवान्याची तारीख कोणासाठी थांबत नाही.

आणि पैसे. मला ज्या संस्थेने घेतलं तिने माझ्याकडून एक युरोही मागितला नाही. मी इंटरनेटवर पत्ते शोधून स्वतः मेल केले, बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही, काहींनी नाही म्हटलं, एकाने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. भाषेचा क्लास, परीक्षा, भाषांतरं, व्हिसा आणि विमानाचं तिकीट एवढाच माझा खर्च. माझ्याच सेमिनारला आलेल्या आपल्याकडच्या एका मुलाने याच कामासाठी एजंटला साडेचार लाख दिलेत, वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून, आणि तो पॉकेटमनीतून दर महिन्याला हप्ता पाठवतो. हप्ता गेल्यावर त्याच्याकडे काय उरतं ते तुम्हीच बघा.

म्हणून संपादक साहेब, तुमच्या जाहिरात विभागाला एक विनंती आहे. 'जर्मनीत पगार' अशी चौकट घेऊन कोणी आलं तर त्याला एवढंच विचारायला सांगा की काम नोकरीचं आहे, ट्रेनिंगचं आहे की व्हॉलंटियरचं, आणि तो शब्द जाहिरातीत छापायला लावा, त्याच साइजमध्ये.

आपली,
बार्शीची एक वाचक, सध्या मुक्काम स्टुटगार्टजवळ