शेतीच्या शिक्षकाला बांध हवा

महोदय,

कृषी तंत्र विद्यालयात मी सत्तावीस वर्षे शिकवले. कृषी पदविका घेतलेली मुले बँकेत किंवा खतांच्या कंपन्यांत कशी गेली, याची चर्चा नेहमी होते. त्यांना शिकवण्याकडे मात्र करिअर म्हणून फारसे कोणी पाहत नाही.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे असलेल्या राज्यात नव्या पदव्युत्तराला अध्यापनाची संधी मिळते ती बहुधा तासिका तत्त्वावर, आणि ज्याचे मानधन वर्गातल्या तासांवर मोजले जाते, त्याने पहाटे प्रक्षेत्रावर जाऊन मुलांना कीड दाखवावी तरी कशासाठी? खरे तर हा विषय फळ्यावर अर्धाच शिकवता येतो. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे ओळीने मांडून, गुंडाळी करून, सहा-सात दिवसांनी कोंब मोजायला लावले आणि आकडा सत्तरच्या खाली आला, की घरचे बियाणे वापरताना बियाण्याचे प्रमाण का वाढवावे लागते, हे वेगळे सांगावे लागत नाही. एकदा एका मुलीच्या गोणपाटावर जेमतेम 52 कोंब आले. तिने त्याच संध्याकाळी वडिलांची पेरणी थांबवली. (वडील माझ्यावर चिडले होते, हेही नमूद करतो.)

शासनाने रिक्त पदे नियमित भरावीत, आणि तोवर प्रात्यक्षिकाचा तास व्याख्यानाच्या तासाइतकाच मोजावा.

– एक निवृत्त कृषी शिक्षक, जि. अहिल्यानगर