मेणवलीच्या घंटेवर दगड कशाला?

महोदय,
रविवारी पाहुण्यांना घेऊन मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, छोट्याशा देवळीत टांगलेली भली मोठी घंटा अनेकांनी पाहिली असेल. ती मूळची चर्चमधली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतलीच ही. नाशिकची नारोशंकराची आणि भीमाशंकरची या तिच्या बहिणी. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून दिसते. आपल्या लोकांनी ती घासून काढली नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

त्या दिवशी मात्र एक गृहस्थ घाटावरचा दगड उचलून घंटेवर हाणत होते आणि सोबतची मंडळी मोबाइलवर चित्रण करत होती. घंटेचा धातू कडक, पण ठिसूळ. एकदा तडा गेला की नाद जाऊन नुसता बद्द आवाज उरतो, आणि घंटा वितळवून पुन्हा ओतली तर जुनी उरतेच कुठे? मी हटकले, तर ‘देवाचीच घंटा आहे ना, काका?’ असे उत्तर मिळाले!

तिथे ठळक मराठी फलक लावावा आणि निदान सुट्टीच्या दिवशी एखादा माणूस बसवावा, ही विनंती.

– एक वाचक, वाई