रोलर कोस्टर घडवायचा, तर शाखा कोणती?

संपादक महोदय,

'मला रोलर कोस्टरचा डिझायनर व्हायचे आहे' असे बारावीच्या मुलाने सांगितले, की घरात एक तर हसू होते, नाही तर याच नावाची पदवी शोधायची धावपळ सुरू होते. आपल्या करिअरविषयक पानावर या विषयाला जागा मिळावी, म्हणून हे पत्र.

त्या नावाच्या पदवीमागे लागू नये. खांब, पाया आणि पोलादी सांगाडा यांची गणिते स्थापत्य अभियंता करतो. डबे, चाके, मांडीवरचा दांडा आणि साखळीचा चढ हे मेकॅनिकलचे काम, तर गाड्या एकमेकींवर आदळू नयेत याची जबाबदारी इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलवाल्यांची. यांतले कोणते काम रोज आठ तास करायला आवडेल, हे मुलाला आधी विचारावे.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो लूप, म्हणजे गाडीला उलटी करून फिरवणारा उभा वळसा. घर्षण सोडून हिशेब केला, तर गोल लूपच्या माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम टेकून राहील एवढाच वेग ठेवूनही तळाशी प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर उभ्या राहिलेल्या फ्लिप फ्लॅप रेल्वेचा लूप असाच गोल होता आणि त्यात लोकांच्या माना दुखावत. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या 'रिव्होल्यूशन' या कोस्टरसाठी जर्मन अभियंते वेर्नर स्टेंगल यांनी क्लोथॉइड वक्र वापरला. त्यात तळाशी, जिथे वेग जास्त, तिथे त्रिज्या मोठी आणि माथ्यावर लहान. आकार पाण्याच्या थेंबासारखा. रस्त्याच्या आणि रेल्वेच्या वळणांत स्थापत्यवाले हाच वक्र आखतात. उताराचेही तसेच. ६० मीटर खाली आल्यावर वेग ताशी सुमारे १२३ किलोमीटर होतो, आणि तळाचा भार चौपटीच्या आत ठेवायचा तर तिथली त्रिज्या किमान ४० मीटर लागते. बारावीच्या भौतिकशास्त्रावर हे गणित सुटते. मुलाने ते स्वतः सोडवून पाहावे. त्यात गोडी वाटली नाही, तर पुढची चार वर्षे जड जातील.

मात्र खरा कस लागतो तो जोडांवर. मिनिटाला एक गाडी, दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस धरले, तर एकाच जोडावरून वर्षाला १ लाख ८० हजार गाड्या जातात. गाडीला सहा डबे आणि डब्याला दोन आस असतील, तर चाकांचे धक्के होतात २१ लाख ६० हजार. इतक्या धक्क्यांनी रूळ एकदम मोडत नाही. रुळाची नळी आणि आडवी पट्टी जिथे जोडली जाते, तिथे वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते आणि हळूहळू वाढत जाते. रंगाखाली ती दिसतही नाही. रंग काढून, चुंबकीय क्षेत्र देऊन लोखंडाची बारीक पूड टाकली, की पूड भेगेवर रेघेसारखी गोळा होते. म्हणून मेकॅनिकल घ्या वा स्थापत्य, फटीग (वारंवारच्या भाराने धातू थकणे), फ्रॅक्चर (भेग वाढून तुटणे) आणि वेल्डिंगचे विषय 'ऑप्शनला' टाकू नका. संगणकावरच्या खेळात सुंदर ट्रॅक आखणाऱ्या मुलांची नजर तयार होते, हे खरे. पण त्या ट्रॅकला वेल्ड नसतो.

मेकॅनिकलवाल्याला चाकही नीट कळले पाहिजे. प्रत्येक ठिकाणी तीन प्रकारची चाके लागतात: रुळावर धावणारे, बाजूने धरणारे आणि गाडी वर उचलली जाऊ नये म्हणून रुळाखालचे. थंडीच्या सकाळी बेअरिंगमधले ग्रीस घट्ट असते, चाकांवरचे पॉलियुरेथेनही कडक असते. रिकामी गाडी मग एखादा उंचवटा ओलांडत नाही आणि दोन टेकड्यांमध्ये अडकून बसते. डिझाइन करताना हा दिवस धरावाच लागतो.

कंट्रोलमध्ये मूळ नियम असा: रुळाचे टप्पे पाडायचे, एका टप्प्यात एकच गाडी, आणि गाड्यांपेक्षा टप्पा किमान एक जास्त. हवेवर चालणारा ब्रेक असा बसवतात, की हवा गेली तर स्प्रिंगने तो आपोआप आवळला जावा. चुंबकी ब्रेकला वीज लागत नाही, पण गाडी मंदावली की त्याची पकडही सुटत जाते. पूर्ण थांबवायला शेवटी घर्षणाचा ब्रेक लागतोच. अशा 'बिघडले तर काय' प्रश्नांत रमणाऱ्याने इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन निःशंकपणे घ्यावे.

ट्रॅकचा आकार ठरवणाऱ्यांच्या जागा जगभरात मोजक्याच आहेत, हे पालकांनी मुलाला स्पष्ट सांगावे. मूळ शाखेची पदवी असली, की पूल, क्रेन, लिफ्ट, रोपवे यांची दारेही उघडी राहतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात अख्खा कोस्टर काढण्याच्या फंदात पडू नये. एकच जोड किंवा एकच चाकांचा संच घ्यावा, एएसटीएम एफ २२९१ किंवा ईएन १३८१४ या अशा खेळण्यांच्या डिझाइनसाठीच्या मानकांप्रमाणे त्यावरचे भार काढावेत, आणि तो कुठे व किती फेऱ्यांनंतर तडकेल ते आकड्यांत मांडावे.

आपला,
एक अभियंता वाचक