शाळेच्या इतिहासातून आपटे वगळू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील न्यू इंग्लिश स्कूलवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा रमणबागेचा, म्हणजे याच शाळेचा, माजी विद्यार्थी म्हणून आनंदाने आणि दुसऱ्यांदा वामन शिवराम आपटे यांचे नाव शोधण्यासाठी. ते मला कुठेही सापडले नाही.

१८८० च्या जानेवारीतील स्थापना, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सोडलेली सरकारी नोकरी, टिळक आणि त्यांचे सहकारी नामजोशी यांनी पहिल्या वर्षी केलेले काम, हे सारे लेखात आले आहे व ते यायलाच हवे. परंतु चिपळूणकर मार्च १८८२ मध्येच वारले, त्याच वर्षी टिळक आणि आगरकर यांना कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात, मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, आणि तरीही शाळा चालू राहिली. ती चालवणाऱ्यांत आपटे अग्रभागी होते, आणि शाळेच्या कामातून वेळ काढून त्यांनी जो संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये पुरा केला, तो आजही संस्कृतच्या अभ्यासकाला उशाशी ठेवावा लागतो. १८९२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते.

मला हे इतके लागण्याचे कारण घरचे आहे. गेल्या वर्षी एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत माझ्या नातीला याच मंडळींनी काढलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य कोण असे विचारले गेले. तिने आपटे असे उत्तर दिले. परीक्षकांनी ते चूक ठरवून आगरकर हे उत्तर बरोबर धरले. आपट्यांच्या निधनानंतर, १८९२ मध्ये, आगरकर प्राचार्य झाले हे मी स्वतः उठून नम्रपणे सांगितले, तर 'आजोबा, आमच्याकडे उत्तरपत्रिका आहे' एवढेच मला ऐकवण्यात आले. नववीतल्या मुलीने खरे उत्तर देऊन गुण गमवावेत आणि घरी येताना 'आबा, मग मी काय लिहायला हवं होतं?' असे विचारावे, याचे मला आजही वाईट वाटते. अशा उत्तरपत्रिका वर्तमानपत्रांतल्या लेखांवरूनच तयार होतात, म्हणून आपणांस लिहीत आहे.

आणखी एक. लेखात शाळा चालवणाऱ्या संस्थेचा उल्लेख दोन ठिकाणी 'डेक्कन एज्युकेशन ट्रस्ट' असा झाला आहे. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी स्थापन झाली ती डेक्कन एज्युकेशन सोसायटी. वीस वर्षे तुटपुंज्या वेतनावर शिकवण्याची शपथ घेतलेले आजीव सदस्य, म्हणजे शिक्षकच, तिचा कारभार पाहत. गोपाळ कृष्ण गोखले याच शाळेत शिक्षक म्हणून आले. टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले ते वेतन आणि बाहेरच्या मिळकतीवरून झालेल्या मतभेदांतून, आणि आपल्या लेखात तर ते अखेरपर्यंत शाळेतच असल्यासारखे दिसतात.

या सर्व गोष्टींची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही विनंती. ते कात्रण मला नातीच्या वहीत लावायचे आहे.

आपला,
रमणबागेचा एक माजी विद्यार्थी, पुणे