बाबा, तुम्ही नाही म्हणू शकता

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "उद्या दोन पोरं आपल्याच लग्नाची पत्रिका छापायला आली आणि मी नाही म्हटलं, तर मला आत टाकतील काय?" मी "नाही हो" एवढंच म्हटलं आणि तुम्ही फोन आईकडे दिलात. प्रश्न रागातून आला होता, पण तो खरा आहे, आणि वकील म्हणून माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. आई, तू वाचून दाखव. त्यांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला एवढं बारीक अक्षर नको.

आधी ठरलेलं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना धडधड नको. मी आणि निनाद पुढच्या महिन्यात पुण्याच्या घरीच छोटा समारंभ करतोय. तीस-पस्तीस माणसं आणि जेवण, बस. कायद्यानं हे लग्न नव्हे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी जोडप्यांना लग्नाचा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. म्हणून कुठे नोंदणी नाही. पण यात गुन्हाही नाही. तो ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं संपला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या ३७७ सारखं कलमच नाही. पोलीस दारात येतील ही आईची भीती मनातून काढून टाका.

पत्रिका मी इथेच छापायला टाकली आहे. चाळीस वर्षं तुम्ही अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिका छापल्यात आणि घरचीच बाहेर गेली, हे तुम्हाला लागणार. पण आणली असती तर जास्त लागलं असतं. मशीनपुढे उभं करून तुम्हाला 'हो की नाही' विचारायचं, हे मला करायचं नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. खासगी छापखानेवाल्यानं अमुक मजकूर छापलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात मात्र दुकानं, हॉटेलं, विहिरी येतात, आणि तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही मज्जाव करता येत नाही. 'लिंग' या शब्दात लैंगिक कलही येतो, असं २०१८ च्या निकालात लिहिलेलं आहे. हे खासगी दुकानदारापर्यंत कसं लागू होतं ते अजून ठरायचं आहे. ठरलं तरी तो दाद मागण्याचा मामला होईल, तुरुंगाचा नव्हे.

पण तुमच्या मनातला खरा प्रश्न माणसाला नाही म्हणणं आणि मजकुराला नाही म्हणणं यातल्या फरकाचा आहे. तो बेलफास्टच्या एका बेकरीवाल्यानं सोडवून ठेवलाय. २०१४ मध्ये एका ग्राहकानं केक सांगितला, वर लिहायचं होतं 'समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या'. किंमत ३६ पौंड ५० पेन्स. बेकरीवाले धार्मिक, त्यांनी पैसे परत केले. खालच्या कोर्टात बेकरी हरली, ५०० पौंड भरपाई बसली, अपिलातही हरली. शेवटी १० ऑक्टोबर २०१८ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी बेकरीच्या बाजूनं निकाल दिला. कारण असं, की तो मजकूर कुणीही मागितला असता तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं. त्यांचा आक्षेप वाक्याला होता, माणसाला नव्हता.

त्याच कोर्टानं २०१३ मध्ये कॉर्नवॉलच्या एका दांपत्याला मात्र हरवलं होतं. तेही धार्मिकच. दोन पुरुष जोडीदारांना त्यांनी आपल्या हॉटेलात डबल बेडची खोली नाकारली होती. खोलीवर काही लिहिलेलं नसतं. तिथे नकार थेट माणसाला होता.

हे तुम्हाला मी वेगळं काय सांगायचं? अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज गाडी थांबवून चहा प्यायचे, ही गोष्ट तुम्हीच मला सायकलच्या दांड्यावर बसवून दहादा सांगितलीत. चहावर मजकूर नसतो, बाबा. ज्यांनी तो चहा नाकारला त्यांनी माणूस नाकारला. पत्रिकेवर मजकूर असतो, आणि खाली तुमच्या प्रेसचं नाव असतं. म्हणून तुमचा नकार त्यांच्या नकारासारखा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण तीच दोन पोरं उद्या दुकानाची बिलबुकं छापायला आली, तर नाही म्हणू नका. तिथे तुमच्याकडे कारण उरत नाही.

कुणी आलंच तर असं करा. धर्माचा वाद घालू नका. "हा मजकूर मी घेत नाही" एवढंच म्हणा. ॲडव्हान्स घेतला असेल तर त्याच दिवशी परत करा आणि पावतीवर तसं लिहा. दुसऱ्या प्रेसचा पत्ता द्या. आणि त्या पोरांचं नाव, फोन, पत्रिकेचा फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. हे अगदी बजावून सांगतोय. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या केकवाल्याचा खटला ७ विरुद्ध २ नं त्याच्या बाजूनं लागला, तो त्याचा धर्म बरोबर म्हणून नव्हे. सरकारी आयोगातल्या लोकांनी त्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेनं बोललं म्हणून. तुच्छता आली की कुणाचीही बाजू पडते.

उलट बाजूची भीती मला जास्त आहे. कुणी हॅंडबिल घेऊन आला, 'अमक्या गल्लीतल्या अमक्याला हाकला' असं, तर ते छापू नका, ओळखीचा असला तरी. न्याय संहितेच्या ३५६ कलमात बदनामीचा मजकूर माहीत असून छापणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लिहिणारा वेगळा, छापणारा वेगळा. शिवाय गटागटांत वैर पसरवण्याचं १९६ आणि धमकीचं ३५१ मागे लागतं. "मी फक्त छापलं" हे तिथे चालत नाही.

काका कीर्तनात हे पाप आहे म्हणतात, ते बोलू शकतात. राज्यघटनेची कलम १९ (बोलण्याचं स्वातंत्र्य) आणि २५ (धर्माचं स्वातंत्र्य) दोन्ही त्यांच्या पाठीशी आहेत. भावना दुखावल्या एवढ्यावरून कुणाचं तोंड बंद करता येत नाही. १९५७ पासून कोर्ट सांगत आलंय की मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान असेल तरच ते कलम लागतं. पूर्वीचं २९५-अ, आता २९९. हाच नियम आमच्या पत्रिकेलाही लागू आहे. उद्या काकांवर कुणी खोटी केस घातली तर वकीलपत्र मीच घेईन, हे त्यांना सांगा.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची इतिहासानं माफी मागायला हवी. घरच्यांचीही, बाबा. त्याच महिन्यात, २८ तारखेला, शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या निकालात त्याच बाई चार न्यायमूर्तींच्या विरोधात एकट्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की भक्तांची श्रद्धा तर्काला पटते का हे कोर्टानं पाहू नये. तुमची बाजू आणि माझी बाजू एकाच माणसाच्या मनात बावीस दिवसांच्या अंतरानं मावली. मी ते दोन्ही निकाल कपाटात शेजारी ठेवलेत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. नाराज होऊ नका, आधी ऐका. मृत्युपत्र केलं आहे, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. ते नसतं तर हिंदू वारसा कायद्यानं माझं सगळं आईकडे गेलं असतं, आणि निनादला ज्या घराचे हप्ते तो निम्मे भरतो तिथेच परकं ठरवलं असतं. नुसतं नॉमिनी केलं असतं तर भागलं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आत्याच्या वेळी आपण भोगलंय. तुमच्या दोघांच्या नावची ठेव तशीच आहे, तिला हात लावलेला नाही. बँकेत जॉइंट खातं उघडलं. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयानंच त्याला आडकाठी नाही असं कळवलंय. दवाखान्याचा कागद, म्हणजे मला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांचं कुणी ठरवायचं तो, वेगळा केला, नोटरीपुढे. त्यात 'पालक किंवा जवळचा नातेवाईक' असे शब्द आहेत, म्हणून निनादच्या नावाखाली ताईचंही घातलं, नाहीतर ऐन वेळी कुणीतरी काउंटरवर अडवायचं. तुमचं नाव पहिलं नाही, ते विश्वास नाही म्हणून नव्हे. रात्री दोनला कोल्हापूरहून निघालात तर पोचायला चार तास, आणि बाबांना रात्रीचं दिसत नाही.

यायलाच पाहिजे असं नाही. पण आलात तर खालची खोली आहे, जिना नाही, संडास कमोडचा, आईच्या गुडघ्यासाठी धरायला बार लावून घेतलाय. गादी कापसाचीच ठेवली आहे. निनादला ज्वारीची भाकरी येते, कडा फाटतात थोड्या. नाही आलात तर मी येईन. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून महिन्यातून दोनदा तारखा असतातच. दारातून परत पाठवू नका एवढंच.

आणि कटिंग मशीनवर संध्याकाळनंतर बसायचं नाही. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, ब्लेडला ते माहीत नसतं. बीपीची गोळी सकाळचीच, 'बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. आई, शुगर तपासल्याचा कागद मला फोटो काढून पाठव, तोंडी सांगू नकोस. कटिंगच्या उरलेल्या पट्ट्यांच्या वह्या शिवायची तू, त्यातली एक अजून माझ्याकडे आहे, गुलाबी कागदाची.

पत्रिकेचा मजकूर सोबत जोडलाय. वर 'श्री अंबाबाई प्रसन्न' आहे. ते मात्र मी काढणार नाही; कलम २५ मलाही आहे, आणि देवीही. छापायचं काहीच नाही, बाबा. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. 'आशीर्वाद' मी नेहमी चुकतो, तुम्ही लाल पेनानं गोल करायचात. इथला पोरगा प्रूफ न बघताच मशीनवर घेतो. शुक्रवारी छपाई आहे. नको वाटलं तर कागद तसाच आईकडे द्या, ती पिशवीत ठेवेल.

तुमचा,
बाळू