ट्रंकेतली प्रगतीपुस्तकं

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले की मी मध्येच रडते आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून पत्र.

आधी काम सांगते, नाहीतर विसरेन. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत माझी पहिली ते सहावीची प्रगतीपुस्तकं असतील. ती काढून ठेवा. डॉक्टरांना हवी आहेत. ओमच्या नव्हे, माझ्या.

ओमला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, चुळबूळ) दोन्ही आहे असं सांगितलं, तेव्हा आई पटकन म्हणाली होती, "काहीतरीच! तूही अश्शीच होतीस. तुला काय झालं?" नातवाची बाजू घेत होतीस, कळत होतं मला. पण त्याच्यासाठीची प्रश्नावली भरताना तेच वाक्य डोक्यात घुमत होतं. वस्तू हरवतात का, हाक मारल्यावर ऐकू येत नाही असं वाटतं का, कपड्यांच्या शिवणी टोचतात का. दर खुणेला मीच. शेवटी डॉक्टरबाईंनीच विचारलं, "तुमचं लहानपण कसं होतं?"

एडीएचडी चाळिशीला उगवत नाही. बाराव्या वर्षाआधी त्याच्या खुणा होत्या का ते बघतात. चौथीतला शेरा मला अजून पाठ आहे: 'हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते.' बाकावर उड्या मारणारी मुलं लगेच नजरेत येतात. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी 'स्वप्नाळू' ठरते.

आणि काय झालं मला, आई? काही नाही झालं. नोकरी लागली, लग्न झालं. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्रीशिवाय एकही धडा वाचून झाला नाही. चुकीच्या तारखेची तिकिटं तीनदा काढली. लोकांसमोर नीटनेटकी दिसायला इतकी ताकद जायची, की घरी आल्यावर चपलाही न काढता जमिनीवर बसून राहायचे. मला तो आळस वाटायचा. तुम्हालाही.

परवाचीच गोष्ट. मिक्सर चालू, कुकरची तिसरी शिट्टी, आणि मोज्याची शिवण बोटाला लागते म्हणून ओम किंचाळतोय. त्याच्या किंचाळण्यानं मलाही किंचाळावंसं वाटत होतं. मी मिक्सर बंद केला, गॅस बंद केला आणि त्याच्याशेजारी टेबलाखाली जाऊन बसले. मोजा उलटा करून घातला, शिवण बाहेर. शांत झाला. व्हॅन गेली, रिक्षानं सोडलं, डबा घरीच राहिला. ज्या बाईला स्वतःची किल्ली सापडत नाही तिनं दुसऱ्याची वही, डबा, थेरपीची वेळ सांभाळायची! पण टेबलाखाली बरं का वाटतं, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, "एकाला दोन-दोन कसे?" पुष्कळांना असतात. २०१३ पर्यंत अमेरिकेतल्या निदान-पुस्तिकेत दोन्ही एकत्र लिहायची मुभाच नव्हती, एवढंच. आणि तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते: जुळ्यांवरच्या अभ्यासांत एडीएचडीमधला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे मी लाडानं बिघडवलं, मोबाइल दिला, हे आता पुरे. एके काळी ऑटिझमसाठी आईच्या थंड वागण्याला दोष देत. ते केव्हाच मोडीत निघालं. आई, तूही स्वतःकडे बोट दाखवू नकोस.

एक विचारू? प्रत्येक लग्नात जेवणं झाली की तू पदर डोक्यावरून घेऊन अंधाऱ्या खोलीत पडायचीस. आम्ही म्हणायचो, पित्त उठलंय. खरंच पित्त होतं का गं? तुला कसलं नाव चिकटवत नाहीये. सहज आठवलं.

दिवाळीत याल तेव्हा ओमला 'वेंधळा' म्हणू नका. त्याला मिठी मारायची तर आधी विचारा. नको म्हणाला तर रागावू नका, थोड्या वेळानं तोच पाठीला पाठ लावून बसेल.

आणि बाबा, ट्रंकेला कुलूप असेल तर सरळ फोडा. किल्ली मी पुण्याला शिकायला येताना जपून ठेवली होती. अजून सापडायची आहे.

तुमची,
मनू